६२ लाख थकलेत, एनसीएलटीत (कंपन्यांची दिवाळखोरी हाताळणाऱ्या न्यायाधिकरणात) जाता येईल का?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. पुण्याच्या एका कंपनीकडं कास्टिंगचे ६२ लाख अडकलेत. त्यांच्यावर दिवाळखोरीचा अर्ज टाकता येईल का?

उत्तर १: नाही हो. मार्च २०२० पासून थकबाकी किमान १ कोटी लागते. शिवाय तुमच्या पैसे मागणाऱ्या नोटिशीआधीच ‘ब्लोहोल (हवेची छिद्रं) आहेत, माल परत’ असा त्यांचा मेल असेल, तर सुप्रीम कोर्टाच्या मोबिलॉक्स निकालाप्रमाणं (२०१७) अर्ज तिथंच आपटतो. वाद पोकळ नसला की पुरे, तो जिंकणाराच असावा लागत नाही.

उत्तर २: उद्यम (लघुउद्योग) नोंदणी माल पाठवण्याआधीची आहे ना? मग लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद सोडवणारी एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिल गाठा.

उत्तर ३: आणि दुसऱ्या कुणी त्या कंपनीला एनसीएलटीत नेलं, तर बिलं-चलनं जोडून फॉर्म बी (माल पुरवणाऱ्यांचा दावा) लगेच भरा. सुप्रीम कोर्टाच्या घनश्याम मिश्रा निकालानुसार (२०२१) कंपनी सावरण्याचा प्लॅन मंजूर झाला की त्यात नसलेला दावा संपला. सरकारी देणीसुद्धा जातात, तिथं आपलं काय!