सेकंड हँड वॅगन-आर घेतोय, बघताना काय काय बघू? (बजेट अडीच लाख, सगळं धरून)

भांडुपचा_भाऊ
नमस्कार मंडळी. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रिक्षात पाय दुमडत नाही आणि आमच्या टेकडीवर टॅक्सी यायला तयार नसते. गणपतीला संगमेश्वरला जायचं म्हणजे एसटीचं रिझर्व्हेशन हा आणखी वेगळा सोहळा. म्हणून गाडी.
एका डीलरकडे वॅगन-आर बघितली. २०१५ची, सीएनजी, एमएच-४३ पासिंग, सेकंड ओनर, मीटरवर ५२ हजार. २.६५ सांगतोय. माझं बजेट २.५, त्यातच नावावर करणं आणि विमा. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. रविवारी परत जाणार आहे, काय बघू?
कृपया "नवीन घे" सांगू नका.

सनरूफ_शेठ
भावा, सेकंड हँड म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेणं. अजून तीन लाख घाल आणि नवीन घे. लोन हल्ली दोन दिवसांत होतं. मी गेल्या दिवाळीला घेतली, सनरूफवाली. मुलं जाम खूश.

भांडुपचा_भाऊ
शेवटची ओळ वाचलीत का?

जुना_पाना
मी बरीच वर्षं गॅरेजमध्ये काढली, तेव्हा नीट ऐक. कधी येणार ते डीलरला कळवू नकोस. सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जा आणि बोलायच्या आधी बोनेटवर हात ठेव. गरम लागलं तर गाडी तुझ्यासाठी आधीच तापवून ठेवलीये. थंड असतानाच स्टार्ट करायची. सेल्फ किती वेळ मारावा लागतो, पहिल्या मिनिटात खडखड आहे का, ते कान देऊन ऐक. निळा धूर म्हणजे ऑइल खातेय. सकाळी थोडा पांढरा धूर चालतो, पण गाडी तापल्यावरही येत राहिला तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलंय.
ऑइलचं झाकण उघड. आतून कॉफीच्या फेसासारखं दिसलं तर पाणी आणि ऑइल एक झालंय, तिथूनच घरी ये. चालू इंजिनात डिपस्टिक थोडी उचल, भकाभका धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतून झिजलंय. सीएनजी आणि पेट्रोल दोन्हीवर चालव. लोक वर्षानुवर्षं गॅसवरच पळवतात, पेट्रोलवर टाकली की आचके देते.
पत्रा: दारांचे, डिकीचे बोल्ट बघ. पाना लागला की त्यावरचा रंग उडतो. बोनेटखाली ॲप्रनवर (इंजिनच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा) कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके ओळीत असतात. ते गायब किंवा वेडेवाकडे दिसले तर गाडी पुढून जोरात ठोकलेली आहे. एखादं दार रंगवलेलं असेल तर मनाला लावून घेऊ नकोस. ज्या गाडीला एकही ओरखडा नाही ती मुंबईत चाललेलीच नाही.

लोकल_बरी
मूळ प्रश्नच चुकीचा आहे. मुंबईत गाडी हवीच कशाला? लावणार कुठे? आमच्या गल्लीत दोन दुचाकींच्या मध्ये कुंडी ठेवून लोक जागा अडवतात. त्यावरून गेल्या महिन्यात पोलीस आले होते.

कलिना_काकू
जुना_पाना यांनी एक सांगितलं नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ.
२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला. आमच्या कलिन्यात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी होतं. पुढच्या वर्षी आमच्या ह्यांनी झेन घेतली, बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त. आतून गुलाबाच्या सेंटचा घमघमाट. पहिल्या पावसात सेंट संपला आणि कुजकट वास सुरू झाला. मग बेल्ट पूर्ण ओढला तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची सरळ रेघ! वायरिंगवर किती पैसे गेले ते ह्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.
स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटच्या रुळांवर गंज बघ. पायाखालचं कार्पेट उचलून हाताने चाचप. डीलर म्हणेल खराब होईल. होऊ दे.

लोकल_बरी
बघा, पाण्यात गेली ना? म्हणून म्हणतो लोकल बरी.

कलिना_काकू
त्या दिवशी लोकलही बंद होत्या हो.

अडीच_लाख_किमी
+१, बोनेटवर हात ठेव, थंड इंजिन बघ. माझी डिझेल अडीच लाख किमी चालली, इंजिन उघडलेलं नाही. गाडी घ्यायची तर डिझेल. सीएनजीची टाकी डिकी खाते, गणपतीचं सामान काय मांडीवर घेणार? आणि पंपावरच्या रांगेत अर्धं आयुष्य जातं.

टेबल_नंबर_चार
डिझेलचं नंतर बघू, आधी कागद. आरसीवर सीएनजीची नोंद आहे का बघा. किट नंतर बसवलेलं असेल आणि नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी रडाल. टाकीची हायड्रो टेस्ट (टाकी दाब सोसते का याची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, प्लेटवर तारीख असते. आरसीवर हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा) असेल तर बँकेची एनओसी आणि तो बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात घेतल्याशिवाय इसार द्यायचा नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सही खऱ्या मालकाची हवी, डीलरच्या पोराची नाही. सेकंड ओनरने गाडी डीलरला देऊन वर्ष झालं असेल आणि तो आता फोन उचलत नसेल, तर तुम्ही अडकलात. थकलेली ई-चलनंही नंबर टाकून बघा.
मी स्वतः स्कूटर विकली, घेणाऱ्याने नावावर केलीच नाही. त्याच्या सिग्नल तोडण्याची चलनं दोन वर्षं माझ्या मोबाइलवर. बायकोला वाटायचं मीच दुपारी ऑफिस सोडून फिरतो.

सनरूफ_शेठ
विम्याचं टेन्शन नाही, जुन्या मालकाचा ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुला मिळेल.

टेबल_नंबर_चार
नाही मिळणार. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो. पॉलिसी मात्र १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला टाका.

सनरूफ_शेठ
माझ्या एजंटने सांगितलं होतं.

टेबल_नंबर_चार
एजंट बदला.

मुलुंड_चेकनाका
टायरवर चार आकडे असतात. १८२२ म्हणजे २०२२चा १८वा आठवडा. ५२ हजारच चाललीये म्हणतो ना? मग पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची कातडी बघ, तिथे खोटं बोलता येत नाही. आरसीचा फोटो माग आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी ओळखीचं असेल तर त्या नंबरचा इतिहास काढ. हे पहिलं कर, बाकी नंतर.

अडीच_लाख_किमी
हेच लिहिणार होतो.

भांडुपचा_भाऊ
रविवारचा अहवाल. नऊला पोचलो, बोनेट चांगलंच कोमट. विचारलं तर म्हणे उन्हात होती. गाडी शेडखाली उभी. बेल्ट ओढला, स्वच्छ. झाकण उघडलं, फेस नाही. मीच बरळलो "बॅक कॉम्प्रेशन बघायचंय", तेव्हा डीलरने माझ्याकडे आदराने बघितलं. चहा मागवला.
ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत. मित्राच्या मेव्हण्याकडून सर्व्हिसची नोंद काढली. २०२१ सालीच ८१ हजार!
डीलर म्हणतो मीटर बदललं असेल, आधीच्या मालकाला विचारा. आता २.३० ला देतो म्हणतोय.

मुलुंड_चेकनाका
सांगितलं होतं.

जुना_पाना
मीटर पाडलंय. खरं तर लाखभर चाललेली वॅगन-आर वाईट नसते, टायमिंग चेन (इंजिनच्या आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी) असते, इंजिन दणकट. पण मीटर पाडणारा आणखी काय झाकत असेल ते तुला रविवारच्या एका सकाळी कळणार नाही. सोड.

कलिना_काकू
सोड.

सनरूफ_शेठ
२.३० तर घेऊन टाक, उरलेल्यात सनरूफ बसत नाही म्हणा.

अडीच_लाख_किमी
सोड. पहिल्या मालकाची वॅगन-आर शोध, नाहीतर डिझेल. महिनाभर थांब.

भांडुपचा_भाऊ
थांबलो नाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची २०१२ची सँट्रो घेतली, पेट्रोल, ३८ हजार, एकच मालक. १.३० लाख. काका आता चालवत नाहीत, रविवारी फक्त पुसतात.

मुलुंड_चेकनाका
सँट्रो?? मॉडेल कधीच बंद झालंय. २०२७ला पंधरा वर्षं होतील, मग फिटनेस, पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर. परत विकताना कोण घेणार?

टेबल_नंबर_चार
इतका अभ्यास करून घेतला आणि शेजाऱ्याची गाडी! काही बिघडलं तर जिन्यात तोंड कसं दाखवणार?

जुना_पाना
अरेरे. बरं, घेतलीस तर घेतलीस. सँट्रोला चेन नाही, बेल्ट असतो. किलोमीटर कमी असले तरी रबराचं वय होतं. काकांनी बदलल्याचं बिल नसेल तर संगमेश्वरला जायच्या आधी टायमिंग बेल्ट बदल, नाहीतर ऐन कशेडीत बसशील. टायर पण त्याच वयाचे असणार.

भांडुपचा_भाऊ
टायर २०१८चे निघाले, चारही बदलतोय. बेल्टचंही आजच सांगतो. काका सकाळी सहाला खाली आले, म्हणाले थंड आहे, तूच स्टार्ट कर. उजव्या दाराला दोनदा रंग मारलाय हेही त्यांनीच दाखवलं, खांब कुठला तेही. बाबांना पुढे बसवलं, सीट मागे सरकवली, पाय सरळ झाला. उतरायला तयारच नव्हते.
वॅगन-आरपेक्षा लाखभर वाचले. सगळ्यांचे आभार, खास करून सीटबेल्टसाठी. काकांचाही ओढून बघितला, काका हसले.
आता एकच प्रश्न. गाडी आंब्याखाली उभी असते आणि वर कबुतरं. ५०० रुपयांच्या आत कव्हर कुठलं चांगलं?

सनरूफ_शेठ
५०० मध्ये काही येत नाही. अजून दोन हजार घाल.

लोकल_बरी
आंब्याखाली जागा मिळाली? कुठली सोसायटी?