मदत हवी आहे : एकाच टेबलावर दोन मल्टिक्लास स्पेलकास्टर, एक फार भारी आणि एक फार हलका

नमस्कार,

आम्ही सहा जण नागपुरात प्रतापनगरला एका मित्राच्या घरी दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, पात्रे रंगवत खेळायच्या कल्पनारम्य खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. नियम २०१४ च्या पुस्तकाचे आहेत, डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा, मी आहे आणि मोहिमेतली सगळी पात्रे आता सहाव्या लेव्हलला पोहोचली आहेत. पुढचे नीट कळावे म्हणून पात्राच्या लेव्हलला मी ‘लेव्हल’ आणि स्पेलच्या, म्हणजे मंत्राच्या, किंवा स्लॉटच्या लेव्हलला ‘पातळी’ म्हणतो; स्लॉट म्हणजे स्पेल टाकण्याची एक संधी, ती खर्चली की विश्रांतीनंतरच परत मिळते. पुस्तकात दोन्हींना एकच शब्द आहे आणि आमचा अर्धा घोळ तिथूनच सुरू झाला.

माझ्या मावसबहिणीचे पात्र विझार्ड ३, क्लेरिक ३ असे आहे, म्हणजे ग्रंथांतून जादू शिकणारा विझार्ड आणि देवाकडून जादू मिळवणारा क्लेरिक या दोन क्लासच्या (पेशांच्या) तीन-तीन लेव्हल. देवळात वाढलेली आणि पुढे ग्रंथांच्या नादाने जादू शिकलेली मुलगी, अशी तिची कल्पना असल्यामुळे तिने दोन्ही क्लास आलटून पालटून वाढवले. मल्टिक्लासच्या, म्हणजे एकापेक्षा जास्त क्लास घेण्याच्या, नियमाप्रमाणे दोन्ही क्लासच्या लेव्हलची बेरीज करून स्लॉट ठरतात. म्हणून तिला पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्या पातळीचे ३ आणि तिसऱ्या पातळीचे ३ स्लॉट मिळाले, म्हणजे निव्वळ विझार्ड असलेल्या सहाव्या लेव्हलच्या पात्राला मिळतात तेवढेच. परंतु कोणते स्पेल तयार करता येतील हे मात्र प्रत्येक क्लासच्या लेव्हलवरून वेगवेगळे ठरते, आणि तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डला काय किंवा क्लेरिकला काय, दुसऱ्या पातळीच्या वरचे काहीही मिळत नाही.

गेल्या रविवारी एका अरुंद पुलावर आठ गॉब्लिन दाटीवाटीने उभे होते आणि सगळे तिच्याकडे बघत होते. तिने कॅरेक्टर शीटवरच्या तिसऱ्या पातळीच्या तीन कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवून विचारले, “दादा, हे तीन स्लॉट माझेच आहेत ना? मग फायरबॉल का नाही?” फायरबॉल तिसऱ्या पातळीचा स्पेल आहे, म्हणून मी नियम समजावून सांगितला. तिने तिसऱ्या पातळीच्या स्लॉटमधून मॅजिक मिसाइल टाकले, पाच बाण सुटले, दोन गॉब्लिन पडले. फायरबॉल असता तर २० फुटांच्या त्रिज्येत सहा बाजूंच्या आठ फाशांचे नुकसान झाले असते आणि पूल बहुधा रिकामा झाला असता. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती फारसे बोलली नाही, आणि हा धागा काढण्याचे खरे कारण तेच आहे.

दुसरे पात्र आमच्या एका मित्राचे, पॅलाडिन (शपथबद्ध पवित्र योद्धा) २, सॉर्सरर (उपजत जादू असलेला) ४ असे आहे. पॅलाडिनच्या लेव्हलची निम्मी धरून त्याची बेरीज पाच होते, म्हणून त्याला ४, ३ आणि २ असे नऊ स्लॉट आहेत. स्पेल त्यालाही दुसऱ्या पातळीपर्यंतचेच येतात, म्हणजे अडचण वरवर पाहता तीच आहे. फरक असा की त्याच्याकडे डिव्हाइन स्माइट, म्हणजे शस्त्राचा वार लागल्यावर स्लॉट खर्चून जादा नुकसान करण्याची क्षमता, आहे, आणि स्माइटला कोणत्याही क्लासचा आणि कोणत्याही पातळीचा स्लॉट चालतो. पहिल्या पातळीच्या स्लॉटला आठ बाजूंचे दोन फासे आणि वरच्या प्रत्येक पातळीला एक जास्त, असे मोजले तर त्याच्या नऊ स्लॉटमधून २५ फासे निघतात, सरासरी ११२ नुकसान. निव्वळ सहाव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे ४ आणि २ असे सहाच स्लॉट असतात, त्यातून १४ फासे, सरासरी ६३. अर्थात त्या पॅलाडिनला एका पाळीत दोन वार आणि साथीदारांच्या सेव्हिंग थ्रोला (धोक्यातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशाला) बळ देणारा ऑरा मिळतो, तो आमच्या मित्राने सोडला आहे, हेही मी विसरत नाही.

म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे दोष स्लॉटच्या तक्त्यात नाही. स्लॉटमध्ये ओतायला तुमच्याकडे काय आहे, यावर त्याची किंमत ठरते. बहिणीचे स्पिरिच्युअल वेपन (जादूचे तरंगते शस्त्र) तिसऱ्या पातळीच्या स्लॉटमधून टाकले तरी तसूभरही वाढत नाही, कारण ते दर दोन पातळ्यांना वाढते. एड (जीवनगुण वाढवणारा स्पेल) मात्र वाढते, होल्ड पर्सन (माणसाला जागीच खिळवणारा स्पेल) दोघांवर चालते, म्हणजे ते स्लॉट अगदीच वाया जातात असे नाही. शिवाय त्या मित्राचे दोन्ही क्लास करिष्मा या एकाच गुणावर चालतात, तर हिला इंटेलिजन्स आणि विझ्डम दोन्ही सांभाळावे लागतात. त्याला सॉर्सररच्या चौथ्या लेव्हलला गुण वाढवायला मिळाले, हिचा एकही क्लास चौथ्या लेव्हलला पोहोचलेला नाही. तिचा स्पेल सेव्ह (तिच्या स्पेलमधून वाचायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) विझार्ड म्हणून १४ आणि क्लेरिक म्हणून १३ आहे. निव्वळ विझार्ड असती तर तो १५ झाला असता.

मी तीन उपाय मनाशी तपासले. मल्टिक्लास बंद करणे सोपे आहे, २०१४ च्या पुस्तकात तो ऐच्छिक नियमच आहे. पण अर्ध्या मोहिमेत कोणाचे पात्र मोडणे मला योग्य वाटत नाही. स्पेलसुद्धा एकूण बेरजेवरून मिळतील असे म्हणावे, तर उद्या कोणीही विझार्डची एक लेव्हल घेऊन फायरबॉल मागेल. २०२४ च्या पुस्तकाप्रमाणे स्माइटला बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली एकमेव छोटी जादा कृती) लागू करावी, तर ती क्विकन्ड स्पेलशी (तीच कृती खर्चून स्पेल टाकण्याच्या सॉर्सररच्या युक्तीशी) भिडते, एवढाच फरक पडेल; त्याला वार एकच असल्यामुळे पाळीला एक स्माइट तो तसाही मारतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. आम्हाला पाच तास मिळतात, त्यात एक मोठी लढाई होते आणि खेळ थांबवताना मी बहुधा लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती, जिच्यात सगळे स्लॉट परत मिळतात) देऊन टाकतो. ज्यांनी सहाव्या ते दहाव्या लेव्हलपर्यंत अशी मिश्र पात्रे चालवली आहेत, त्यांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

तुमच्या शेवटच्या परिच्छेदात निम्मे उत्तर आहे. २०१४ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकाने खेळातल्या एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) गृहीत धरले आहेत. तुमच्याकडे दिवसाला एकच लढाई होते, म्हणून तुमचा मित्र नऊ स्लॉट हात न आखडता उधळतो. खेळातला एक दिवस दोन-तीन रविवार चालू द्या आणि उरलेले स्लॉट शीटवर तसेच ठेवा. तिसऱ्या लढाईपर्यंत तो स्लॉट राखून वापरू लागेल, आणि त्याच वेळी ११ स्पेल तयार ठेवणाऱ्या तुमच्या बहिणीची किंमत वाढेल.

तिच्या बाबतीत मात्र नियमच कठोर आहे. तिसऱ्या आवृत्तीतही हीच अडचण होती आणि तिथे मिस्टिक थिअर्ज नावाचा प्रेस्टिज क्लास (अटी पूर्ण केल्यावरच घेता येणारा क्लास) होता. दोन्ही प्रकारच्या जादूत दुसऱ्या पातळीचे स्पेल येणे ही त्याची एक अट होती, म्हणजे नेमकी विझार्ड ३, क्लेरिक ३ ही जागा. आणि पुढे त्याच्या प्रत्येक लेव्हलला दोन्ही बाजूंची जादू एकत्र वाढत असे. पाचव्या आवृत्तीत तसे काही नाही. तिला पात्र विझार्ड ५, क्लेरिक १ असे पुन्हा बांधू द्या. स्लॉट तेवढेच राहतील, फायरबॉल आजच मिळेल आणि विझार्डच्या चौथ्या लेव्हलचे गुणही मिळतील. एवढे ध्यानात ठेवा की क्लेरिकच्या एका लेव्हलने मध्यम चिलखत आणि ढाल येते. हाफ प्लेट हे चिलखत घातले आणि ढाल धरली तर तिचा आर्मर क्लास (तिला वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १९ आणि शील्ड स्पेलसह २४ होऊ शकतो. ते चिलखत सहज हाती लागू देऊ नका.

धागालेखक

मनःपूर्वक आभार. काल तिच्याशी बोललो. पुन्हा बांधायला ती तयार नाही. देवळातली मुलगी एका लेव्हलपुरती उरेल, हे तिला पटत नाही, आणि मला तिचे म्हणणे मान्य आहे. येथून पुढच्या दोन लेव्हल ती विझार्डच्या घेईल, म्हणजे आठव्या लेव्हलला तिला फायरबॉल रीतसर मिळेल. तोवर पुलापलीकडच्या पडक्या मठात तिला एक जुनी वही सापडेल, जिच्यातला तिसऱ्या पातळीचा एकच स्पेल तिला स्वतःचा स्लॉट खर्चून टाकता येईल. लाँग रेस्ट आता मठातून बाहेर पडल्यावरच मिळेल, आत तीन लढाया ठेवल्या आहेत.

आता एवढेच विचारतो. ही वही लाँग रेस्टमागे एकदाच चालावी, की तिसऱ्या पातळीचे तिन्ही स्लॉट तिच्यासाठी मोकळे ठेवावेत? गटात निव्वळ ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा क्लास) खेळणारी एक मैत्रीणही आहे, तिने पाचव्या लेव्हलपर्यंत वाट पाहून तिसऱ्या पातळीचे स्पेल मिळवले आहेत, आणि तिच्यावर अन्याय होऊ नये असे मला वाटते.