माया अवशेष आणि जागवलेल्या रात्री: दोघींसाठी १६ दिवसांचा सल्ला हवा

रानजाई_२१

नमस्कार मंडळी. मी ह्यूस्टनला असते. शाळेपासूनची मैत्रीण जानेवारीत पुण्याहून माझ्याकडे येतेय. तिच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, त्यामुळे मेक्सिकोसाठी वेगळा लागत नाही, एवढं तपासलंय. पाठीवर सॅक टाकून १६ दिवस फिरायचं, मेक्सिकोत उतरायचं आणि ग्वाटेमालातून परत फिरायचं. याच्यापुढे अजून काहीच ठरलेलं नाही.

मला माया लोकांची शहरं बघायचीत, तीही गर्दी नसताना, सकाळी लवकर. तिला संध्याकाळनंतरचं गाव बघायचंय. गाणी, नाच, गावातली माणसं जिथे बसतात तिथे बसणं. तिची रात्र दोनला संपते आणि माझा दिवस पाचला सुरू होतो. या सहलीची आम्ही नऊ वर्षं वाट पाहतोय, म्हणून कुणीही मन मारून फिरू नये असं फार वाटतं.

मुक्काम कान्कूनला करावा का? कुठली ठिकाणं अजिबात सोडू नयेत? दोघीच बायका रात्री बाहेर पडलो तर कसं? आणि ती शाकाहारी आहे, अंडं चालतं.

उंबरठा

कान्कूनला विमानातून उतरा आणि त्याच दिवशी वायादोलिद या शांत गावी निघा. तिथे तीन रात्री राहा, मग मेरिदा या जागत्या शहरात चार.

तुमच्या पाच आणि दोनच्या भांडणावर उपाय आहे. काही अवशेषांना सकाळच हवी, काहींना नाही. ज्यांना सकाळ हवी ती शांत गावातून करायची आणि ज्यांना नको ती जागत्या गावातून.

चिचेन इत्झाला सकाळच हवी. दार आठला उघडतं आणि अकरापर्यंत कान्कूनच्या बसगाड्या येऊन थडकतात. वायादोलिदहून ते जेमतेम ४५ किलोमीटर आहे, त्यामुळे दार उघडताना तुम्ही पोचलेल्या असाल. घड्याळाची एक गोष्ट लक्षात ठेवा. कान्कून आणि तुलुम किंताना रो राज्यात येतात, चिचेन इत्झा आणि वायादोलिद युकातानमध्ये, आणि किंताना रोचं घड्याळ एक तास पुढे असतं. उलट्या दिशेने बस किंवा विमान पकडताना लोक इथेच चुकतात.

चिचेन इत्झाला तिकिटं दोन घ्यावी लागतात, एक राज्याचं आणि एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं. कुकुल्कानच्या पिरॅमिडवर आता चढू देत नाहीत. चारही बाजूंना ९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा धरून ३६५ होतात. मुख्य जिन्यासमोर उभ्या राहून जोरात टाळी वाजवा. परत येणारा आवाज टाळीचा नसतो, एखादा पक्षी चिवचिवल्यासारखा असतो. सकाळी साडेआठला आम्ही तिथे चौघंच होतो. मी टाळी वाजवली आणि बायकोने मान वर करून झाडात पक्षी शोधला.

उश्मल मात्र दुपारीही चालतं, तिथे गर्दी कमी असते. मेरिदाहून रस्त्याने साधारण ८० किलोमीटर. बसने जात असाल तर परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. मला स्वतःला उश्मल चिचेन इत्झापेक्षा जास्त आवडलं. तिथला मोठा पिरॅमिड चौकोनी नाही, त्याच्या कडा गोलसर आहेत, आणि भिंतींवर 'चाक' नावाचा लांब नाकाचा पर्जन्यदेव जागोजाग कोरलेला आहे. एवढा पाऊसदेव का, तर त्या भागात नदी नाही. पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवून ते शहर जगलं. आपल्या गडांवरची टाकी पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. म्हणून उश्मलच्या आदल्या रात्री मैत्रिणीला हवं तेवढं जागू दे.

समुद्रफेस

कान्कूनला इतकं मोडीत काढू नका. मोठा क्लब, दिवे, पहाटेपर्यंत नाच हे हवं असेल तर ते तिथेच आणि प्लाया देल कार्मेनलाच आहे. ग्वाटेमालात रात्री एकनंतर दारू विकायला कायद्याने बंदी आहे, बार तेव्हा आवरतात. मैत्रिणीला एक तशी रात्र हवी असेल तर पहिलीच कान्कूनला काढा.

उंबरठा

ते खरं आहे. पण तिने 'गावातली माणसं जिथे बसतात तिथे' असं लिहिलंय, आणि ती जागा मेरिदा आहे. मेरिदाच्या कान्तिनांमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या बारमध्ये, बिअर मागवली की सोबत छोट्या बश्यांत खाणं आपोआप येतं, त्याला बोताना म्हणतात. दुपारपासूनच बँड वाजतो आणि आजी-आजोबासुद्धा उठून नाचतात. शेजारच्या टेबलावरचे लोक हात धरून उठवतात, तेव्हा नाचाची पावलं येत नाहीत म्हणून बसून राहू नका.

तांबडं_फुटताना

उंबरठांनी युकातान सांगितलं, पुढचं मी सांगते. मेरिदाहून रात्रीच्या बसने पालेंके, मेक्सिकोतलंच आणखी एक माया शहर, साधारण आठ तास. एका मुक्कामाचे पैसेही वाचतात. बसमध्ये एसी अंगावर काटा येईल इतका असतो, शाल हाताशी ठेवा.

पालेंके मी तीनदा पाहिलंय. राजा पाकल इ. स. ६१५ ते ६८३ राज्यावर होता. आपल्याकडे बदामीला दुसरा पुलकेशी होता, त्याच काळात. त्याची कबर शिलालेखांच्या मंदिराच्या पोटात आहे. आल्बेर्तो रूस या पुरातत्त्वज्ञाने मंदिरातल्या फरशीखाली राडारोड्याने बुजवलेला जिना शोधला, तो वर्षानुवर्षं उपसत १९५२ मध्ये खाली पोचला. जेडचा मुखवटा आता मेक्सिको सिटीच्या संग्रहालयात आहे, पण जंगलाच्या कडेला उभं राहून त्या मंदिराकडे बघताना मला त्याची उणीव वाटली नाही.

रात्रीसाठी गावात राहू नका. अवशेषांच्या रस्त्यावर एल पान्चान म्हणून जागा आहे, झाडीत लाकडी खोल्या आणि मधे खानावळ, तिथे संध्याकाळी गाणं-वाजवणं चालतं. अंथरुणात पडल्यावर माकडं घुमतात. ती हाउलर माकडं, आवाज वाघासारखा, घाबरू नका.

मग याश्चिलान आणि बोनाम्पाक. याश्चिलानला रस्ता नाही, फ्रोन्तेरा कोरोसालहून उसुमासिंता नदीतून होडीने जावं लागतं. बोनाम्पाकला तीन लहान खोल्या आहेत आणि आत सुमारे ७९० सालची भित्तिचित्रं: मिरवणूक, लढाई, पकडलेले कैदी, नाच. अजिंठ्याच्या चित्रांवर जीव असलेल्याने हे सोडूच नये. दोन्ही बघून त्याच नदीपलीकडे ग्वाटेमाला. होडीत बसण्याआधी मेक्सिकोतून बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, तो विसरू नका. आणि ग्वाटेमालाच्या व्हिसाचं दोघींनीही तिकीट काढण्याआधी वकिलातीला विचारून घ्या.

तिकाल या ग्वाटेमालातल्या माया शहरासाठी एक रात्र तिथल्या उद्यानाच्या आतच राहा. सूर्योदयाचं तिकीट वेगळं असतं, आधी घ्यावं लागतं. चौथ्या मंदिरावर लाकडी जिन्याने चढतात, उंची ६५ मीटरच्या आसपास. आता खरं सांगते, जानेवारीत धुकं असतं आणि सूर्य बहुधा दिसत नाही. मला दोन्ही वेळा दिसला नाही. पण अंधारात आधी माकडं ओरडतात, मग पक्षी, आणि मग धुक्यातून बाकीच्या मंदिरांची टोकं एकेक करून वर येतात. ही एक पहाट मैत्रिणीने तुझ्यासोबत काढावीच. आदल्या रात्री तिथे जागण्यासारखं काही नाही, त्यामुळे तिचं काही बुडतही नाही.

रानजाई_२१

तांबडं, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. बोनाम्पाक माझ्या यादीत नव्हतं, आता आहे. सुरक्षितता आणि खाण्याबद्दल कुणी सांगेल का? तिच्या आईला मला सगळं नीट सांगायचंय.

भटकी_चिमणी

मी आणि माझी बहीण दोघीच गेलो होतो. मेरिदाच्या मध्यवस्तीत रात्री अकराला चालत परतायचो, आजूबाजूला कुटुंबं मुलाबाळांसकट बाहेर असायची. फ्लोरेस हे पेतेन इत्झा तळ्यातलं छोटं बेट आहे, सगळं चालत होतं, संध्याकाळी काठावर बसायचं. इतर ठिकाणी रात्री टॅक्सी हॉटेलकडूनच बोलवा. ग्लास नजरेआड करू नका. आणि एटीएम दिवसा, बँक उघडी असताना वापरा. माझं कार्ड शनिवारी रात्री मशीनने गिळलं आणि सोमवारपर्यंत आम्ही बहिणीच्या पैशांवर दिवस काढले. दोघींकडे वेगवेगळ्या बँकेचं कार्ड असू दे.

खाणं: मक्याच्या तोर्तिया घरच्यासारख्या वाटतील. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, त्याचा वास गरम भाकरीच्या फार जवळ जातो. अंडं चालतं ना, मग युकातानमध्ये पापाद्सुलेस शोधा. तोर्तियात उकडलेलं अंडं आणि वर भोपळ्याच्या बियांची हिरवी चटणी-रस्सा. आम्ही चार दिवसांत सहा वेळा खाल्लं. अडचण घेवड्याची, त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. 'सिन मान्तेका' म्हणजे चरबीशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर चिकन येतं. ते आबानेरो मिरचीचं लोणचं आपल्या ठेच्याच्या हिशोबाने घेऊ नका, बरंच जहाल आहे.

सेनोतेंत, म्हणजे त्या चुनखडीच्या पाण्याच्या कुंडांत, उतरण्याआधी अंगाचं सनस्क्रीन धुवायला सांगतात. धुवाच. खालचं पाणी एकमेकांना जोडलेलं असतं.

उंबरठा

एक राहिलं. माया लोक 'नाहीसे झाले' असं वाटाड्याने सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वायादोलिदच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायका आपसात माया भाषाच बोलतात. 'मालोब' म्हणजे छान, एवढं म्हटलंत तरी चेहरा खुलतो. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लान्दा नावाच्या धर्मगुरूने त्यांची पुस्तकं जाळली. आज जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. आणि शून्य त्यांच्याकडेही होतं, शिंपल्यासारखं काढायचे. आपण शून्यावर इतकं प्रेम करतो, तर त्यांचा तो शिंपलाही लक्षात असू द्या.

रानजाई_२१

तर मग असं: वायादोलिद ३ रात्री, मेरिदा ४, बस १, पालेंके २, याश्चिलान-बोनाम्पाक करून फ्लोरेस १, तिकाल १, परत फ्लोरेस १, शेवटी विमानाने ग्वाटेमाला सिटी गाठून आन्तिग्वा २. मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'तिकालला मी तुझ्याआधी उठते.' मेरिदाच्या चार रात्री कुठल्या वारांना याव्यात?

उंबरठा

गुरुवार मेरिदात यायलाच हवा. सान्ता लुसिया बागेत रात्री नऊला युकातानची गाणी आणि नाच असतात, फुकट, १९६५ पासून दर गुरुवारी. खुर्च्या लवकर भरतात, साडेआठपर्यंत जाऊन बसा. आणि उश्मल शुक्रवारी, दुपारी.