जळगावात चार बँड, एक हॉल, २०० रुपये तिकीट. घ्यायला पाहिजे होतं की नाही?

केळीबाग
परवा शनिवारी रिंगरोडकडच्या एका क्लासच्या वरच्या हॉलमध्ये चार रॉक बँड ऐकून आलो. दोन आपले जळगावचे, एक धुळ्याचा, एक इंदूरचा. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच चालू आहे, पोरं कॉलेजची, नाव कोणी ऐकलेलं नाही, मग २०० रुपये कशाचे घेतले, फुकट ठेवायचं होतं. मला हे अजिबात पटलं नाही म्हणून लिहितोय.

रोज नीटची बॅच बसते तोच हॉल. बाक भिंतीला सरकवलेले, फळ्यावर अर्धवट पुसलेलं समीकरण, स्टेज वगैरे नाहीच, खाली सतरंजी आणि तिच्यावर ड्रम. किक मारली की ड्रम पुढे सरकायचा म्हणून समोर दोन विटा लावल्या होत्या, मी त्या विटांपासून चार हातावर उभा होतो. ड्रमसेट चौघांत एकच, पण प्रत्येक बँडचा ड्रमर आपला स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम), झांजा आणि पेडल घेऊन येतो आणि पाच-दहा मिनिटांत बदलतो, ते बघण्यातही मजा होती कारण आधीच्या बँडची पोरं पुढच्याला नट आवळून देत होती.

धुळेवाल्यांनी एक गाणं अहिराणीत केलं, शेतातल्या रात्रीच्या लाईटवर. ओळ एवढीच, "रातले लाईट उनी, भो", म्हणजे रात्री लाईट आली, भाऊ. आधी गिटार बंद, नुसता बेस, मोटर सुरू झाल्यासारखा घुमणारा, आणि मग सगळे एकदम. माझ्या बाजूला एक काका होते, पोराला आणायला आलेले, ते त्या ओळीला हसले नाहीत, त्यांनी मान हलवली, कारण त्यांचा पण रात्रीच्या लाईटचा आठवडा चालू असणार. आपल्याकडच्या गोष्टीवर आपल्याकडच्या पोरांनी केलेलं गाणं चार हातावरून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आणि पैशांचं, दारावर कागदच लावला होता. ७४ तिकिटं, म्हणजे १४,८००. साउंड आणि ड्रमचं भाडं ९,०००, हॉल २,५००, पाणी-चहा-वायर १,३००. उरले २,०००, प्रत्येक बँडला ५०० आले. धुळ्याहून नव्वदेक किलोमीटर सामान घेऊन यायचं आणि ५०० घेऊन परत जायचं. हे पण जास्त वाटतं का तुम्हाला?

जुना_ऑर्केस्ट्रा
भाऊ तुमची कळकळ समजते पण माझं मत उलटं आहे आणि मी तिथे होतो, तिकीट काढून होतो. चार बँडची मिळून वीसेक गाणी झाली, त्यातल्या तीन गाण्यांचे शब्द मला कळले. बाकी सगळा गोंगाट. मी गणपतीच्या ऑर्केस्ट्रात बारा वर्षं की-बोर्ड वाजवला आहे, आम्हाला पहिला धडा हाच होता की शेवटच्या रांगेतल्या बाईला शब्द कळला पाहिजे. लोकांच्या ओळखीची दोन गाणी आधी वाजवा, माणूस जवळ येतो, मग तुमचं स्वतःचं ऐकवा. ही पोरं पहिल्या मिनिटापासून फक्त स्वतःचं वाजवत होती. मुंबईचा रॉक मशीन बँड १९८४ ला सुरू झाला तेव्हा त्यांनी पण आधी परदेशी बँडचीच गाणी वाजवली, हात बसला, लोक जमले, मग स्वतःची आली. पायरी सोडून चढायचं आणि वरून तिकीट लावायचं हे बरोबर नाही. आणि आपल्या लोकांना ऐकायची सवय नाही असं तर कोणी म्हणूच नका, दर जानेवारीत बालगंधर्व महोत्सवाला याच गावातले लोक बसतात की नाही?

मेहरूण_४२५००१
२०० रुपयात आज दोन माणसांची शेवभाजी होत नाही.

केळीबाग
@जुना_ऑर्केस्ट्रा दादा, शब्द कळले नाहीत हे मान्य, मलाही बऱ्याच गाण्यांत कळले नाहीत. पण रॉक मशीनचं पूर्ण सांगा ना, लोकांच्या लक्षात ते राहिले ते स्वतःच्या गाण्यांमुळे, पुढे १९९३ ला नाव बदलून इंडस क्रीड झाले. आणि ओळखीची गाणी ऐकायला लग्नं आहेत, मिरवणुका आहेत, गणपती-नवरात्र आहे, वर्षभर तेच चालू असतं. स्वतःचं वाजवायला या पोरांना गावात दुसरी जागा कुठली? ती एक संध्याकाळ पण ओळखीच्या गाण्यांना द्यायची?

भुसावळ_साउंड
साउंडचं काम करतो, लग्न आणि डीजे जास्त, म्हणून शब्दांवर बोलतो. त्या हॉलमध्ये मी दोन वेळा सेटअप केला आहे. खाली फरशी, वर स्लॅब, तीन बाजूंनी प्लास्टरच्या भिंती आणि एकीकडे काचेच्या खिडक्या. तिथे स्नेअरचा एक फटका चार वेळा ऐकू येतो. आता ड्रमला माईक लावलाच नाही तरी तो तेवढ्या खोलीला पुरून उरतो, गिटारवाल्याला ड्रमपुढे स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून तो आपला आवाजाचा डबा म्हणजे अ‍ॅम्प वाढवतो, बेसवाला त्याच्यावर वाढवतो, आणि राहिला कोण तर गाणारा. त्याचा आवाज वाढवायला गेलं की माईक शिट्टी मारतो कारण स्पीकर त्याच्या मागेच उभे असतात आणि त्यांचा आवाज परत माईकमध्ये जातो. म्हणून शब्द गेले. पोरांच्या गाण्याचा दोष नाही आणि साउंडवाल्याचा पण पूर्ण नाही.

उपाय महाग नाहीत भो. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढच्या रेषेत आणा, मागे ठेवू नका. गिटारचे अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा, थोडे तिरपे, म्हणजे वाजवणाऱ्याच्या गुडघ्याला न ऐकू येता कानाला ऐकू येतं आणि तो आपोआप आवाज कमी करतो. मागच्या भिंतीला मंडपवाल्याकडच्या गाद्या उभ्या करा, काचांवर जाड पडदे. आणि साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी वाजवून आवाज जुळवणं, सगळ्यात शेवटी वाजवणाऱ्या बँडचा सगळ्यात आधी घ्या म्हणजे पहिल्या बँडचं सेटिंग जागेवर राहतं. परवा साउंडचेक झालाच नाही असं कळलं, हॉल साडेपाचला मिळाला कारण बॅच सुटायची होती. तिकीट घेता ना, मग दोन तास आधी हॉल घ्या. माझं भांडण एवढंच.

दहावीची_आई
मी त्याच गल्लीत राहते. कार्यक्रम दहाच्या आत बंद झाला हे खरं आहे, पण सात ते दहा आमच्या खिडक्या वाजत होत्या आणि मुलगी कानात कापूस घालून बसली होती. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे, ती फक्त मिरवणुकीलाच आहे का? कला मलाही आवडते. पण मुंबईचं रंगभवन, जिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा, ते सुद्धा शेजारी हॉस्पिटल आणि कॉलेज म्हणून आवाजाच्या नियमात बंद पडलं ना? मग इथे गल्लीत कसं चालतं? गावाबाहेर लॉन आहेत तिकडे करा.

खानदेशी_पोर
ताई लॉनचं एका दिवसाचं भाडं कुठल्या कुठे जातं. ७४ तिकिटांत लॉन येत नाही.

दहावीची_आई
भाडं परवडत नाही हा माझ्या मुलीचा दोष नाही.

भुसावळ_साउंड
ताईंचं बरोबर आहे. खिडक्या वाजतात त्या बेसने, आणि बेस गल्लीकडच्या काचांतून जातो. मी वर गाद्या सांगितल्या त्याने आतला घुमारा कमी होतो पण बेस अडत नाही, तो कमीच करावा लागतो. ७० माणसांना डीजेचे सब, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, लागतच नाहीत. परवा दोन सब लावले होते असं ऐकलं. ते काढले तर अर्धी तक्रार जाते, आणि भाडं पण दोनेक हजारांनी उतरतं.

शिरपूर_पावरा
माले ते लाईटनं गानं आवडनं, कोणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं. पण एकच गाणं अहिराणीत का? बाकी हिंदी-इंग्लिश का? कोलकात्यात मोहिनेर घोडागुलि हा बँड १९७५ ला बंगालीत उभा राहिला, केरळातला अवियल बँड मल्याळममध्ये गातो, आपल्याकडे वहीगायनाची लोककला आहे, कानबाईची गाणी आहेत, नंदुरबारकडे आदिवासींची पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजते, आणि आपली पोरं इंग्लिशमध्ये प्रेमभंग गातात. अहिराणीत गा, मी ५०० देतो. ५०० पर्यंतच्या तिकिटाला जीएसटी पण नाही.

जुना_ऑर्केस्ट्रा
अहिराणीची सक्ती करू नका, जळगावातल्या अर्ध्या पोरांच्या घरी लेवा बोली आहे, काहींच्या घरी हिंदी. ज्याला जे येतं त्यात गाऊ द्या, पण कळलं पाहिजे. @भुसावळ_साउंड यांनी जे लिहिलं ते वाचून मी एक शब्द मागे घेतो, गोंगाट म्हणालो तो. मला वाटलं पोरांना गाताच येत नाही. पण पायरीचं म्हणणं सोडत नाही. आणि तिकिटाचं म्हणाल तर, ज्या दिवशी शब्द कळतील त्या दिवशी मी ३०० देईन, तोपर्यंत १०० घ्या.

केळीबाग
१०० घेतले तर ७,४०० जमतात, साउंडचं भाडंच निघत नाही. आणि साउंड नीट झाल्याशिवाय तुम्ही ३०० देणार नाही. सांगा आता पोरांनी कुठून सुरुवात करायची?

जुना_ऑर्केस्ट्रा
कुठल्या तारखेला आहे पुढचा? माझ्याकडे दोन मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यायचे स्पीकर) आणि एक साउंडचा मिक्सर पडून आहे, चालू आहेत, भाडं नको. पण त्या दिवशी साडेपाचला नाही, तीनला हॉल उघडा पाहिजे.

केळीबाग
तारीख ठरली नाही. क्लासच्या सरांना रविवारचं विचारतो, त्या दिवशी दुपारी बॅच नसते. ताई, तुमच्या मुलीची परीक्षा कधी संपते तेवढं सांगा, त्याच्या आधीची तारीख धरत नाही.