हिरोशिमाचे संग्रहालय सहा वर्षांच्या मुलीला दाखवावे का?

प्रश्न: एप्रिलमध्ये आम्ही लेकीसह जपानला जाणार असून एक दिवस हिरोशिमासाठी राखून ठेवला आहे. शांतता स्मारक संग्रहालय पाहण्याची आम्हा दोघांची फार इच्छा आहे. परंतु लेक हळवी आहे, रात्री दचकून उठते, त्यामुळे तिला आत न्यावे की नाही, हे ठरत नाही.

पहिले उत्तर: नेऊ नये. मुख्य इमारतीतील अंधाऱ्या दालनांत जळालेले कपडे, जखमींची छायाचित्रे आणि वाचलेल्यांनी स्वतः काढलेली चित्रे आहेत. तिथली, तीन वर्षांच्या मुलाची गंजलेली तीनचाकी सायकल पाहून मी, पन्नाशीचा गृहस्थ, बराच वेळ बाकावर बसून राहिलो. आपण दोघांनी आळीपाळीने पाहावे.

दुसरे उत्तर: आळीपाळीची सूचना योग्यच आहे, पण मुलीचा दिवस केवळ वाट पाहण्यात जाऊ नये. बाहेरच्या उद्यानात १९५८ साली उभारलेले बालशांती स्मारक आहे. त्यामागे सादाको सासाकी या मुलीची आठवण आहे. अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली. आजारपणात ती कागदाचे क्रौंच पक्षी करीत असे. आम्ही मुलाला एवढेच सांगितले आणि घरून करून नेलेले पक्षी त्याच्याच हातून तेथे ठेवले. त्याने विचारले, "ती बरी का नाही झाली?" या प्रश्नाची तयारी मात्र आधी करून ठेवावी.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. घोटीव कागद आजच आणते.