सल्ला हवा: आईच्या मांडीच्या हाडात कॅन्सर, मोडण्याआधीच रॉड घालावा का?

कृष्णाकाठ: आई ६४ वर्षांची. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार होऊन बरीच वर्षं झाली. आता उजव्या मांडीच्या हाडात डाग निघालाय. पाय टेकला की कळ जाते, उठताना दाराची चौकट धरते. डॉक्टर म्हणतात, हाड मोडायच्या आत रॉड घालू. मामा म्हणतात, नुसतं रेडिएशन देऊन बघा, धडधाकट हाडाची चिरफाड कशाला? कुणाला अनुभव आहे का?

अस्थिशल्य: मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे. एक्स-रे पाहिल्याशिवाय निर्णय सांगता येणार नाही, पण ती कळ अंगावर काढू नका. हाड मोडण्याचा धोका किती ते ठरवायला आम्ही मिरेल्सचे गुण मोजतो (१९८९ पासूनची पद्धत): जागा, वेदना, डागाचं स्वरूप, आकार, प्रत्येकी १ ते ३. एकूण १२ पैकी ९ किंवा जास्त आले तर हाडाला आधीच आधार द्यावा. वजन टाकताना दुखणं, एवढ्याचेच ३ गुण होतात. आईंचे किती होतात ते विचाराच. रेडिएशनने वेदना कमी होते, पण पोखरलेलं हाड लगेच भरत नाही, आणि मोडल्यावरचं ऑपरेशन पेशंटला जास्त जड जातं.

एक मात्र नक्की करा. डाग एकच असेल तर बायोप्सीशिवाय रॉड घालू देऊ नका. तो स्तनातून पसरलेला नसून हाडाचाच कॅन्सर निघाला तर रॉड घालताना हाडभर पसरतो.

पाऊलवाट: बाबांचं दंडाचं हाड होतं, मूळ कॅन्सर किडनीचा. किडनी आणि थायरॉइडच्या गाठींतून फार रक्त जातं, म्हणून ऑपरेशनआधी तिथल्या रक्तवाहिन्या बंद केल्या होत्या. नंतर बाबा स्वतःच्या हाताने जेवू लागले, आम्हाला तेच हवं होतं. जखम भरल्यावरचं रेडिएशन चुकवू नका. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड सुरू करणार असतील तर आधी दात तपासून घ्या, नंतर दात काढणं जोखमीचं होतं.

दादर_टीटी: दुसरं मत हवं असेल तर परळचं टाटा मेमोरिअल. जुन्या बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड्स घेऊन जा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती; दोन्हीकडे आधी चौकशी करा. तोवर वॉकर वापरा, कमोडची खुर्ची आणा आणि मालिश पूर्ण बंद. प्रेमापोटी घरची माणसं पाय चोळत बसतात, तेच घातक.

कृष्णाकाठ: मनापासून आभार. मामांना फोनवर वाचून दाखवलं, ते सोबत येताहेत. डाग खुब्याच्या अगदी जवळ आहे. तरी रॉडच का?

अस्थिशल्य: खुब्याच्या गोळ्यात किंवा मानेत असेल तर बहुधा सांधाच बदलतात. त्याखाली असेल तर लांब रॉड, म्हणजे खालचं हाडही सांभाळलं जातं. त्यासाठी खुब्यापासून गुडघ्यापर्यंत अख्ख्या हाडाचा एक्स-रे लागेल. तो काढलाय का?

कृष्णाकाठ: नाही, फक्त वरच्या भागाचा आहे. उद्या काढून घेतो.