मदत पाहिजे : अंगणातल्या कॅमेऱ्याचा आवाज बंद कसा करायचा? चित्र चालू ठेवून. अर्जंट

धुऱ्यावरचा (ता. दारव्हा, जि. यवतमाळ), सकाळी ६.४०
कॅमेऱ्यातून आवाज जाऊन राहिला, तो बंद करायचा आहे. चित्र राहू द्यायचं, फक्त आवाज. कॅमेऱ्याले बटन नाही, सगळीकडून पाहिलं. मागं बारीक छिद्र आहे, त्यात टाचणी घातली तं 'टुंग' वाजला अन् पुन्हा चालू झाला. तूर अंगणात पडली आहे अन् घरच्या बाईनं कॅमेऱ्यावर दुपट्टा टाकून ठेवला. तीन रात्री मीच जागल करून राहिलो. मंग कॅमेरा कायले घेतला? ज्याले माहीत आहे त्यानंच सांगा.

मोबाईलवाला_कारंजा, ७.०५
भाऊ, कॅमेरा वायफायचा का सिमचा? अ‍ॅप कोणतं? फोटो टाका.

धुऱ्यावरचा, ७.१८
सिमचा. पांढरा आहे, दोन अँटेना, गोल फिरते. खालच्या स्टिकरचा फोटो टाकला.

संपादक, ७.३१
स्टिकरचा फोटो काढून टाकला आहे. त्यावर कॅमेऱ्याचा नंबर, क्यूआर कोड आणि पासवर्ड असतो. तेवढ्यावर काही कॅमेरे कोणीही आपल्या मोबाईलात उघडू शकतो. असे फोटो इथे टाकू नका.

धुऱ्यावरचा, ७.३४
घ्या. आवाज बंद करायले आलो अन् चित्रच वाटून बसलो.

संत्राबाग_वरुड, ७.५०
सिमचे कॅमेरे घेऊच नका म्हणून मी दोन वर्षांपासून सांगून राहिलो. माझ्या बागेत वायरचे चार कॅमेरे, डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा घरात, नेट जोडलंच नाही. जे आहे ते हार्डडिस्कमध्ये. बाहेर काहीच जात नाही. विषय संपला.

मोबाईलवाला_कारंजा, ७.५८
अन् लाईन गेली की? वावरात दिवसा लाईन अन् रात्री अंधार, का उलटं, ते आधी ठरू द्या. नेट नाही तं चोर आला हे तुम्हाले दुसऱ्या दिवशी कळते, निवांत बसून पाहायचं कोण घेऊन गेलं ते.

संत्राबाग_वरुड, ८.०४
इन्व्हर्टर आहे. आमच्या घरातल्या गोष्टी कोणत्या देशातल्या सर्व्हरवर चालल्या नाहीत, हे काय कमी आहे?

रोहीग्रस्त, ८.१०
गावठी कुत्रा पाळा. आवाज येते पण तो पुढं कोणाले सांगत नाही.

मोबाईलवाला_कारंजा, ८.१५
धुऱ्यावरचे भाऊ, अ‍ॅपचं नाव अजून नाही सांगितलं. अ‍ॅप उघडा, वर चाकासारखं चिन्ह दिसते, त्यात मायक्रोफोन नाहीतर 'आवाज रेकॉर्डिंग' असं काही राहते. ते बंद करा. एका मिनिटाचं काम आहे.

धुऱ्यावरचा, ८.४०
अ‍ॅप माझ्या मोबाईलात नाही.

मोबाईलवाला_कारंजा, ८.४१
मंग कोणाच्या?

गुरुजी_निवृत्त, ९.१२
सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला आहे. शिवाय २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा झाला. आपण संबंधितास लेखी नोटीस द्यावी. मसुदा हवा असल्यास मी देईन.

धुऱ्यावरचा, ९.३०
गुरुजी, संबंधित म्हणजे जावई आहेत.
सगळं सांगतो. जावई पुण्याले असते. दिवाळीले आले तेव्हा त्यायनंच कॅमेरा आणला, त्यायनंच बसवला. वावरात होता तो, विहिरीवर, मोटारीसाठी. सिमचं रिचार्जही तेच मारते. तूर निघाली तशी मी कॅमेरा काढून अंगणात लावला, तेवढं काम मले येते. परवा त्यायचा फोन, 'मामाजी, खोकला लय वाढला तुमचा, रात्री दोनदा उठून बसले.' मी खोकल्याचं कोणाले सांगितलंच नव्हतं. मंग बाईनं आठ दिवसांत अंगणात आपण काय काय बोललो ते आठवून पाहिलं. त्यात विहीणबाईचा विषय दोनदा निघाला होता. तेव्हापासून दुपट्टा.

मोबाईलवाला_कारंजा, ९.३६
हे सकाळी पावणेसातले सांगितलं असतं तं एवढा वेळ गेला नसता, राजेहो.

पुण्यातला_रिसोडकर, १०.०२
मी अशाच जावयांपैकी, म्हणजे मुलगा. आईबाबांकडं मीच कॅमेरा बसवला आणि आवाज मुद्दाम चालू ठेवला आहे. बाबांचं वय ७४. न्हाणीकडं पाय घसरून पडले तर चित्रात दिसणार नाहीत, पण हाक ऐकू येईल. इथून गावाला पोचायला रात्र जाते. तुमच्या जावयानं वाईट काय केलं? खोकला विचारला ना?

ओसरीवरची, १०.१०
बाबांना विचारलं होतं का आवाज जातो म्हणून?

पुण्यातला_रिसोडकर, १०.१४
त्यात विचारायचं काय? स्वतःचे आईवडील आहेत.

ओसरीवरची, १०.२९
म्हणूनच विचारायचं. आणि इतक्या वेळात कॅमेऱ्याचं तोंड कुठं आहे हे एकानंही विचारलं नाही. बाई दुपट्टा फक्त विहिणीसाठी टाकत नाही. आमच्याकडं न्हाणी अंगणाच्या कोपऱ्यात आहे, वरून उघडी. तुमची कुठं आहे, दादा?

धुऱ्यावरचा, १०.४४
मागच्या बाजूनं आहे. पण कॅमेरा गोल फिरते.

धुऱ्यावरचा, १०.४५
हे माझ्या ध्यानात नव्हतं आलं.

संत्राबाग_वरुड, १०.५०
म्हणून म्हणतो डीव्हीआर.

मोबाईलवाला_कारंजा, ११.०५
डीव्हीआर डीव्हीआर. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे ताब्यात घेतले ते फॅक्टरीचा पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. त्यात डीव्हीआरही होते. तुमचा पासवर्ड काय आहे ते इथं सांगू नका, फक्त बदलला का ते सांगा.

संत्राबाग_वरुड, ११.०९
नेटच नाही तं पासवर्ड कायले बदलू?

सेतूवाला, ११.२०
सगळ्यांना विनंती, आधार बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही पाहा. एका काकांच्या नावावर दोन जास्तीचे निघाले. व्हॉट्सअपवर पीएम किसानच्या नावानं एपीके फाईल आली तर उघडू नका. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

रोहीग्रस्त, ११.२४
धाग्याचा विषय काय होता बे?

वकील_नाही_पण, ११.४०
गुरुजी, २०२३ चा कायदा इथं लागत नाही. माणसानं घरगुती किंवा वैयक्तिक कामासाठी माहिती वापरली तर ती त्या कायद्याच्या बाहेर आहे. कंपनीला लागेल, जावयाला नाही.

गुरुजी_निवृत्त, ११.५२
दुरुस्तीबद्दल आभार. मसुदा मागे घेतो.

मोबाईलवाला_कारंजा, १२.१५
आता कामाचं. टाचणीनं रिसेट करून बहुतेक कॅमेरे सुटत नाहीत. कॅमेरा ज्याच्या खात्यात पहिल्यांदा जोडला तोच मालक. त्यायनं आपल्या अ‍ॅपमधून तो काढून टाकला की मंग तुमच्या नंबरवर खातं उघडून स्टिकरचा क्यूआर स्कॅन करायचा. पासवर्ड नवा टाकायचा. मायक्रोफोन बंद. फिरणं बंद करून तोंड तुरीवर ठेवायचं. मेमरी कार्ड टाका, क्लाउडचे पैसे भरू नका. जावयाले दाखवायचं असंल तं 'शेअर' करून पाहण्यापुरतं द्या. अ‍ॅप संपर्क यादी मागंल, देऊ नका, काही बिघडत नाही. वायफायचा कॅमेरा जोडताना लोकेशन मागते ते बरोबर आहे, पण तुमचा सिमचा आहे.
पण पहिली पायरी जावयाले फोन. ती मी नाही करून देऊ शकत.

धुऱ्यावरचा, १२.२०
तीच तं अडचण आहे. जावयाले काय म्हणू? तुम्ही ऐकता म्हणून काढा? पुढच्या महिन्यात पोरगी यायची आहे.

ओसरीवरची, १२.३३
मुलीला करा. आणि फोन तुम्ही नका करू, वहिनींना करू द्या.

धुऱ्यावरचा, रात्री ८.५०
बाईनं केला. पोरगी म्हणे, 'आई, ते कॅमेरा पाहातच नाहीत, त्यांना वेळ कुठं आहे? त्यांच्या मोबाईलात मीच पाहते. बाबांचा खोकला मीच ऐकला. मी सांगितलं तर बाबा ऐकत नाहीत, म्हणून ह्यांच्या तोंडून सांगितलं.' विहीणबाईचंही तिनं ऐकलं होतं. त्यावर मायलेकी अर्धा तास हसल्या, मले बाहेर पाठवलं.
खातं आता माझ्या नंबरवर आहे. आवाज बंद केला. फिरणं बंद केलं. पोरीले शेअर दिला, चित्रापुरता. ती थोडी नाराज दिसली. बाईनं दुपट्टा काढला, पण घडी करून खांबाच्या खिळ्यावरच ठेवला आहे. आज झोपतो. तूर हमीभावाच्या खाली देत नाही, म्हणून अजून पडून राहील.

ओसरीवरची, ९.०२
आणि खोकला?

रोहीग्रस्त, ९.१५
भाऊ, कॅमेरा कितीले पडला? रातच्याले रोही दिसते का त्यात?